चक्कीवर थांबत जा

प्रश्न : ताई, मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याची बदली झाली म्हणून आठ महिन्यांपूर्वी धुळ्याला आलो, देवपूरला भाड्याचा फ्लॅट आहे. हे सकाळी नऊला जातात ते रात्री आठलाच येतात. बिल्डिंगमध्ये सगळ्यांची दारं बंद, लिफ्टमध्ये हसतात तेवढंच. भाजीवाल्या मावशी अहिराणीत बोलल्या की निम्मं डोक्यावरून जातं. एका मंडळात नाव घातलं होतं, दोनदा गेले न सोडलं, तिथे सगळ्या आधीपासूनच एकमेकींच्या. माणसं जोडायची कशी?
(एक वाचक, धुळे)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मी पण बाहेरचीच, लग्न होऊन नाशिकहून आले आणि पहिलं वर्ष अगदी असंच गेलं. तर आधी एक विचारते, दळण कुठून आणता? डबा ठेवून घरी येता आणि संध्याकाळी नेता, हो ना? मी पण तसंच करायचे. मग एकदा लाइट गेली आणि चक्कीवरच अडकले, शेजारी एक आजी डबा घेऊन बसलेल्या, म्हणाल्या, "बठ व माय, उभी कसाले शे?" म्हणजे बस गं, उभी कशाला आहेस. त्यांच्या डब्यात काळंपांढरं काय दिसतंय म्हणून विचारलं तर ते कळण्याचं दळण, चार वाट्या ज्वारीला वाटीभर अख्खे काळे उडीद आणि वर मीठ, अर्थात प्रमाण घरोघरी वेगळं. कळणा लगेच दळत नाहीत, आधी सगळ्यांचे गहू होऊ देतात, नाहीतर त्याचं पीठ दुसऱ्याच्या गव्हात उतरतं, म्हणून कळणावाल्यांना थांबावंच लागतं, आणि थांबलेली माणसं बोलतात. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम कळणाच घेऊन गेले. आजीच होत्या.

मंडळात तुमचं जमलं नाही यात तुमचं काही चुकलं नाही. तिथे ओळख करायला म्हणून जातो ना, त्यानेच अवघडायला होतं. हातात काम असलं की बोलणं आपोआप निघतं, फक्त वार आणि वेळ ठरलेली हवी, कधी सोमवारी कधी शुक्रवारी गेलात तर दरवेळी नवेच चेहरे. आणि इथल्या उन्हाचं लक्षात ठेवा, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, दुपारी कुत्रं सुद्धा रस्त्यावर नसतं, माणसं भेटतात ती सकाळी सहा ते आठ नाहीतर दिवेलागणीनंतर. एकवीरा देवीच्या मंदिरात पण सकाळीच जात जा.

आता उन्हाळी कामं सुरू होतील, ही संधी अजिबात सोडू नका. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवताना एकीनं ओतायचं दुसरीनं सारखं हाटायचं, जरा हात थांबला की गुठळ्या, त्यामुळे हे एकटीचं कामच नाही. गच्चीवर कुणी सोऱ्या घेऊन दिसलं की सरळ म्हणा, काकू मला शिकवा, आमच्याकडे वेगळं करतात. मदत करू का विचारलं तर नको म्हणतील, शिकवा म्हटलं तर पाट सरकवतील, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. आणि अहिराणी तिथेच कानावर पडेल, अर्ध्या तासात "शे" न "नही" तरी येईलच.

एक सांगून ठेवते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरात कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते, तेव्हा शेजारणीनं नैवेद्याचे रोट खायला बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात अशी रीत आहे. पण सोमवारी विसर्जनाला बायका वाजतगाजत पांझरा नदीकडे निघतात, फुगड्या घालतात, तिथे आपलं-परकं कुणी बघत नाही. जा, आणि कुणी हात पुढे केला तर फुगडी घाला.

प्रश्न : मी साक्रीहून धुळ्याला एसटीनं रोज अपडाउन करतो. वर्षभर तीच गाडी तेच चेहरे, पण कुणाशी बोलणं नाही, सगळे मोबाइलमध्ये. सुरुवात कशी करू?
(एक वाचक, साक्री)

उत्तर : तुम्ही आधीच्या स्टॉपवर चढत असाल तर तुमच्याकडे जागा असते, तेवढं पुरे. रोज उभं राहून येणारे कुणी काका असतील ना, उद्या सरकून त्यांना बसवा. आणि गाडी लेट असली की फोनमध्ये बघण्याआधी शेजारच्याला विचारा, आज का उशीर झाला असेल. अपडाउनवाल्याला या विषयावर बोलायला फार आवडतं, नेरपर्यंत काय, धुळं येईपर्यंत पुरेल.