इंग्लंडच्या पदवीत 'टू-वन' मिळाला म्हणजे नक्की काय? ६५ टक्के म्हणजे कमी नाहीत का?

अजिबात कमी नाहीत. आपल्याकडच्या ६५ टक्क्यांशी ते तोलू नका, तिथेच सगळा घोळ होतो.

ब्रिटनमध्ये ऑनर्स पदवीचे साधारण चार वर्ग असतात. ७० आणि त्यावर 'फर्स्ट'. ६० ते ६९ म्हणजे 'अपर सेकंड', यालाच टू-वन म्हणतात. ५० ते ५९ 'लोअर सेकंड' म्हणजे टू-टू, आणि ४० ते ४९ 'थर्ड'. त्याखाली घसरलात तर काही ठिकाणी ऑनर्सविना साधी पदवी हातात ठेवतात.

तिथले परीक्षक, विशेषतः निबंधवजा विषयांत, हात फार आखडता ठेवतात. ७२ मिळाले तरी पोरं पार्टी करतात. ८५ क्वचितच दिसतात. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण वर्ग ठरवताना धरतच नाहीत, फक्त पास व्हावं लागतं. शेवटच्या वर्षाचं वजन सहसा सर्वात जास्त.

व्यवहारात खरी रेघ टू-वनचीच. मास्टर्सचे बरेच कोर्स आणि पदवीधरांच्या बऱ्याच नोकऱ्या तेवढं मागतात. आपल्याकडून अर्ज करणाऱ्यांनाही 'टू-वनच्या तोडीचे' गुण विचारतात. ते किती, हे प्रत्येक विद्यापीठ वेगळं ठरवतं, त्यामुळे त्यांच्या साइटवर भारताचं पान उघडून बघाच.

जाता जाता: टू-टूला तिथली पोरं 'डेस्मंड' म्हणतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप होते ना, डेस्मंड टुटू? टुटू, टू-टू!