करंट डोक्याला, आराम कंबरेला?

प्रश्न : वय 46. ऐरोलीत राहतो, महापेला संगणकासमोर बसून काम. चार वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये एल-4 आणि एल-5 या मणक्यांमधली गादी किंचित सरकलेली दिसली, पण ऑपरेशन नको, असं सर्जन म्हणाले. आता एका क्लिनिकने डोक्याला सौम्य करंट देण्याचं दहा सिटिंगचं पॅकेज सुचवलंय. घ्यावं का? हे यंत्र ऑनलाइन मागवून घरी लावलं तर?

उत्तर : पॅकेज घेऊ नका, आणि घरी तर मुळीच लावू नका. कल्पनेला मात्र आधार आहे. तीन महिन्यांपेक्षा जुन्या दुखण्यात नुसती गादी दोषी नसते. मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचे संकेत वाढवून दाखवू लागतात. 1991 मध्ये जपानच्या त्सुबोकावा यांनी कवटी उघडून हालचालीच्या केंद्रावर इलेक्ट्रोड बसवले आणि मेंदूतल्या इजेनंतरच्या हट्टी वेदना कमी झाल्याचं नोंदवलं. तेच काम कवटी न उघडता, बाहेरून सौम्य करंट देऊन करायचा प्रयत्न म्हणजे तुम्हाला सुचवलेलं टीडीसीएस.

कंबरदुखीत मात्र हाती फारसं लागलेलं नाही. जर्मनीत 135 रुग्णांवर झालेली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली : 2 मिलिअँपिअर, 20 मिनिटं, सलग पाच दिवस. खोट्या करंटपेक्षा खरा सरस ठरला नाही. खोट्या सिटिंगमध्ये करंट अर्ध्या मिनिटात बंद होतो, पण सुरुवातीच्या मुंग्या तशाच येतात. म्हणून 'मला जाणवलं' हा पुरावा धरता येत नाही.

घरी काय बिघडतं ते नीट समजून घ्या. पहिली चूक जागेची. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून मध्य काढतात, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दोन्ही मध्य जुळतात तो माथा. कान ते कान 36 सेंमी भरलं, तर माथ्यापासून 20 टक्के, म्हणजे 7.2 सेंमी बाजूला पहिल्या इलेक्ट्रोडची खूण करायची. दुखणं उजवीकडे जास्त असेल तर खूण डावीकडे. दुसरा इलेक्ट्रोड उलट बाजूच्या भुवईच्या वर, कपाळावर.

दुसरी चूक स्पंजाची, आणि भाजतं ते बहुतेक याच चुकीमुळे. इलेक्ट्रोडखालचा 5 बाय 7 सेंमीचा स्पंज सलाईनने सारखा ओला हवा. एसीत तो कडांनी वाळतो, मग सगळा करंट उरलेल्या ओल्या ठिपक्यातून जातो आणि तिथे चटका बसतो. फार ओला केला तर सलाईन केसांतून ओघळून करंट भलतीकडे पसरतो. केसांना खोबरेल असेल तर स्पंज टेकूनही संपर्क नीट होत नाही. म्हणून जाणकार केंद्रात आदल्या रात्री शाम्पू करायला सांगतात, कपाळावरचं कुंकू पुसतात, त्वचेवर ओरखडा असेल तर सिटिंग पुढे ढकलतात. करंटही एकदम नाही, 30 सेकंदांत हळूहळू चढवतात. 9 व्होल्टच्या बॅटरीला वायरी जोडणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं.

संशोधनात भाग घ्यायचाच असेल तर त्या अभ्यासाचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि मराठीतलं संमतिपत्र मागा. काहींना खोटी सिटिंग मिळू शकते आणि इजा झाल्यास उपचार कोण करणार, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री 0 ते 10 मध्ये दुखणं वहीत लिहा. सरासरी दोन अंकांनी उतरली, तर फरक मोलाचा म्हणतात.

तोवर तुमच्या हातात आहे तो व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनात व्यायाम आणि वेदनेची नीट समज देणं सुचवलंय. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन नको म्हटलंय. दर 30-40 मिनिटांनी खुर्चीतून उठा. आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला, तर सिटिंग-व्यायाम सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी थेट रुग्णालयात.

प्रश्न : सासूबाई 68 वर्षांच्या, पेसमेकर आहे. चुंबकाने देतात ते आरटीएमएस कंबरदुखीसाठी करता येईल का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : टाळा. ते यंत्र टकटक आवाज करत चुंबकी झटके देतं, त्यातून जवळच्या तारांत वीज निर्माण होते. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यातली धातूची क्लिप, फिटचा इतिहास यांतलं काहीही असेल तर पहिल्याच भेटीत सांगायचं. त्यांना रोज सकाळी मासुंदा तलावाला झेपेल तेवढा फेरा मारू द्या. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थांबून हृदयाच्या डॉक्टरांना कळवा.