वाचकांचे प्रश्न : कावळा कुठला, नवरंग कुठला?

प्रश्न : भारताचा भूखंड गोंडवन या प्राचीन महाखंडातून सुटून आशियाला येऊन धडकला, असं शाळेत शिकलो. मग आमच्या आगरातले पक्षीही त्याच्याबरोबरच आले का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : बहुतेक नाही. भारत मादागास्करपासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधल्या वाटेवर, ६.६ कोटी वर्षांच्या सुमारास, इथे लाव्हाचे थरावर थर साचले. तुमच्या चिऱ्याचा जांभा ज्या काळ्या कातळाच्या झिजेतून झाला, तो कातळ म्हणजे हाच लाव्हा. त्याच काळात जगभर जीवसृष्टीचा मोठा संहार झाला आणि आज दिसणाऱ्या पक्ष्यांची बहुतेक घराणी त्यानंतर फुटली. भारत मादागास्करपासून निघाला तेव्हा कावळा-बुलबुल अजून जन्माला यायचे होते.

भूखंडाबरोबर आले ते मातीला धरून राहणारे जीव. पावसाळ्यात कुदळीखाली गांडुळासारखं पण पाठीला कणा असलेलं देवगांडूळ निघतं ना, त्याचे जवळचे भाऊबंद सेशेल्स बेटांवर आहेत, कारण सेशेल्स आणि भारत एकाच भूखंडाचे तुकडे.

कावळा, कोतवाल, हळद्या, बुलबुल, दयाळ, शिंजीर हे सगळे ‘गाणाऱ्या पक्ष्यां’च्या गटातले, आणि त्या गटाचं मूळ ऑस्ट्रेलियात आहे. पूर्वी समज उलटा होता, की आशियातले पक्षी ऑस्ट्रेलियात पसरले. १९८०च्या दशकात सिब्ली आणि अल्क्विस्ट या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञांनी डीएनए जुळवून पाहिले आणि तो समज मोडला. पुढच्या अभ्यासांत तपशील बरेच बदलले, मूळ मात्र तेच राहिलं. ऑस्ट्रेलिया उत्तरेकडे सरकत आला, मधल्या समुद्रात बेटं वर आली आणि अंदाजे अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी हे पक्षी बेटाबेटांवरून आशियात उतरले.

धनेशाची गोष्ट वेगळी. त्याचं कुळ आफ्रिका आणि आशियातलं. त्यातली सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा, जमिनीवर चालणारे धनेश, आज फक्त आफ्रिकेत आहे. तळकोकणातल्या दाट रानातला कर्णा पक्षी (ट्रोगॉन) मात्र पूर्वेकडचा. त्याचे सख्खे नातेवाईक ईशान्य भारतापासून मलेशियापर्यंत आहेत आणि मधल्या कोरड्या मुलखात एकही नाही. ओलसर रान एके काळी सातपुड्याच्या रांगेने सलग होतं, अशी मांडणी मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४०च्या दशकात केली. ती माशांवरून होती, पण पक्ष्यांनाही लावली गेली. त्यावर वाद अजून आहेत.

प्रश्न : तांबट टुकटुक करतो, भारद्वाज घुमतो. मग ते ‘गाणारे’ का नाहीत? ओळखायचं कसं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आवाजावर जाऊ नका, पाय बघा. डोणीशेजारी दोन-अडीच फूट जागेत बोटभर जाडीचा मऊ चिखल पसरा, हाताने गुळगुळीत करा आणि सकाळी ऊन चढण्याआधी ठसे पाहा. चिखल फार पातळ झाला तर ठसा भरून जातो, सुकला तर उमटतच नाही. दयाळाच्या ठशात तीन बोटं पुढे आणि मागे एक लांब, भक्कम बोट. भारद्वाजाची दोन पुढे, दोन मागे. तांबट, सुतार आणि पोपटाचीही तशीच, पण तांबट जमिनीवर उतरत नाही; त्याला पिकलेल्या उंबरावर दुर्बिणीनेच पाहावं लागतं.

चूक होते ती कवड्यापाशी. त्याचीही तीन पुढे, एक मागे, पण मागचं बोट आखूड. खंड्याची पुढची दोन बोटं बुडाशी जोडलेली असतात.

पायाने चिमण्या-कावळ्यांच्या मोठ्या गणापर्यंत पोचता येतं, त्यापुढे नाही. नवरंगाचा पाय दयाळासारखाच, तरी तो गाणाऱ्यांत येत नाही, कारण त्याच्या स्वरयंत्राची रचना निराळी. दयाळाचं पिल्लू मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतं. नवरंगाच्या शाखेत आवाज बहुतांशी उपजतच असतो. या शाखेचे बहुसंख्य पक्षी दक्षिण अमेरिकेत आहेत.

प्रश्न : पावसाच्या तोंडावर पडवीत नवरंग निपचित पडलेला सापडला. काय करावं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : दक्षिणेकडून विणीसाठी येणारे नवरंग रात्री उडतात, दमून किंवा दिव्याला भुलून घरात शिरतात, काचेवर आपटतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला पेन्सिलीएवढी सात-आठ भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि खोकं मांजरापासून दूर, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. भातही नको; त्याचं खाणं किडे आणि गांडुळं. दोन-तीन तासांनी, उजेड असतानाच, पालापाचोळा असलेल्या झाडीखाली खोकं आडवं करून उघडा आणि मागे सरा. पंख लोंबत असेल किंवा उभंच राहता येत नसेल, तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. घरी पाळण्यासाठी ठेवू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे.