वाचकांचे प्रश्न : विकत घेतलेल्या घोड्याचं नाव बदलावं का?

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारात आम्ही ६ वर्षांची मारवाडी घोडी ठरवली आहे. रंग कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ), कपाळावर चांदणी, मागचे दोन्ही पाय पांढरे. नाव 'बिजली'. माझ्या मुलीला 'चंद्रा' हे नाव ठेवायचं आहे. सासरे म्हणतात, वाढलेल्या जनावराचं नाव बदललं की अपशकुन होतो. व्यापारी म्हणतो, काहीही हाक मारा, घोड्याला काय कळतंय. बदलावं का, आणि कागदावर कधी बदलावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : बदला, पण लगेच नको. घोडी डिचोलीत उतरून सगळे कागद पुरे होईपर्यंत ती 'बिजली'च राहू दे. त्यानंतरही 'बिजली' हे नाव तुमच्या वहीतून पुसलं जाता कामा नये.

आधी कागदांचं बघू, कारण घोटाळा तिथेच होतो. घोडा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला सोबत लागतो. शिवाय ग्लँडर्स हा रोग नसल्याचा रक्ततपासणीचा अहवाल असल्याशिवाय घोडी टेम्पोत चढवूच नका. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला कायद्याने मारावं लागतं, त्यामुळे ह्या अहवालाला सगळेच गंभीरपणे घेतात. नमुना देताना घोड्याचं नाव, रंग, वय आणि खुणा लिहून घेतात. आता अहवालावर 'बिजली' आणि बाजाराच्या पावतीवर हौसेनं लिहिलेलं 'चंद्रा' असं झालं, तर गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला किंवा केरीच्या नाक्यावर दोन्ही कागद एकाच घोडीचे आहेत हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगणार? नवीन तपासणी रस्त्यात होत नाही. म्हणून पावती, दाखला आणि अहवाल ह्या तिन्हींवर एकच नाव हवं, आणि ते जुनंच हवं.

नावापेक्षा भक्कम पुरावा घोडीच्या अंगावर असतो. नोंदणी झालेल्या मारवाडी घोड्याच्या मानेत डाव्या बाजूला, डोक्याचा माथा आणि खांद्यावरचा उंचवटा ह्यांच्या साधारण मध्यावर, आयाळीच्या खाली मायक्रोचिप असते. तिचा क्रमांक १५ आकडी असतो. पहिले ३ आकडे देशाचा किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचा संकेतांक असतात, भारताचा ३५६. पैसे मोजण्याआधी स्कॅनर फिरवायला लावा आणि पासपोर्टवरचा (घोड्याच्या ओळखपुस्तिकेतला) क्रमांक आकडा न आकडा ताडून पाहा. चिप क्वचित जागेवरून थोडी सरकते, म्हणून डावीकडे काही दिसलं नाही तर उजवी बाजू आणि छातीही तपासून घ्या. बाजारातल्या पुष्कळ घोड्यांना चिप नसते. तशा वेळी पावतीवर जुनं नाव, रंग, वय, इंचात उंची, पांढऱ्या खुणा आणि केसांचे भोवरे कुठे आहेत ते लिहून घ्या. फोटो पाच काढा : दोन्ही बाजू, समोरून, मागून आणि कपाळावरचा भोवरा जवळून. रंग ऊन-पावसात फिका-गडद होतो, पण भोवरे आयुष्यभर जागचे हलत नाहीत.

घरी आल्यावर नोंदणीच्या पासपोर्टवर नाव बदलायचं असेल, तर ज्या संस्थेने पासपोर्ट दिला तिच्याकडेच मालकी हस्तांतराबरोबर अर्ज करा. स्वतः खाडाखोड करू नका, त्याने सगळा पासपोर्टच संशयात येतो. नोंदणी नसेल तर लसीकरणाच्या वहीवर आणि विम्याच्या अर्जावर 'चंद्रा, पूर्वीचे नाव बिजली' असं लिहा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. धनुर्वाताची लस आधी टोचली होती का, पूर्वी पोटशूळ झाला होता का, ती कधी गाभण राहिली होती का, असल्या चौकशीला जुन्या मालकाकडे फोन केलात तर तिकडे तिला 'बिजली' म्हणूनच ओळखतात. नाव गेलं की तो धागा तुटतो. काही व्यापारी खोडीचा घोडा पुन्हा विकताना नाव बदलतात ते नेमकं ह्याचसाठी. घोडीचं ह्याआधी काय नाव होतं हा प्रश्न तुमच्या व्यापाऱ्यालाही विचारा.

सासऱ्यांच्या शंकेबद्दल. आपल्याकडच्या अश्वपरीक्षेत शुभाशुभ पाहिलं जातं ते भोवऱ्यांवरून आणि पांढऱ्या खुणांवरून. देवमण (एक शुभ भोवरा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) हे शब्द त्यातूनच आले. हाकेच्या नावाला त्यात तसं स्थान नाही. नाव बदललेल्या घोड्यांचं पुढे वाईट झालेलं लोकांनी पाहिलं असेलही. पण ज्या घोड्याचं नाव तीनदा बदललं तो बहुधा तीनदा विकला गेलेला असतो, आणि तीनदा विकला गेलेला घोडा बहुधा लंगडा, चावरा किंवा नीट न सांभाळलेला असतो. दोष त्या फेऱ्यांचा. तरीही घरातल्या मोठ्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून चांगला दिवस पाहून पूजा करून नाव ठेवलंत तर उत्तमच. दसऱ्याला घोड्याची पूजा आपण करतोच.

फक्त त्या पूजेत एक जपा. हारात किंवा पत्रीत कण्हेर येऊ देऊ नका, लाल नको, पांढरी नको आणि पिवळीही नको. गोव्यात कण्हेर अंगणाअंगणांत असते आणि पूजेच्या तबकात ती सहज येते. तिची मूठभर पानं पोटात गेली तरी घोड्याचं हृदय बंद पडू शकतं, आणि वाळलेली पानंही तितकीच विषारी असतात. ओलं पान कडू म्हणून घोडा टाळेल, पण सुकलेल्या हारातलं गवताबरोबर चघळून जाईल. झेंडूचा हार घाला, फोटो झाला की काढून ठेवा आणि खाली पडलेली पानं झाडून घ्या.

आता शिकवण्याबद्दल. व्यापारी म्हणतो त्यात निम्मं तथ्य आहे. 'हे माझं नाव' असं घोडीला कळत नाही. अमुक आवाज आला की आपल्याकडे कुणीतरी काहीतरी घेऊन येतं, एवढं तिला पक्कं कळतं. पुष्कळ घोडे नावाला प्रतिसाद देतात असं वाटतं, प्रत्यक्षात ते बादलीचा आवाज आणि मोतद्दाराची (घोडा सांभाळणाऱ्याची) पावलं ओळखतात. तपासून पाहा. घोडी चरत असताना रिकाम्या हाताने, तिच्या मागे तिरकं, दहा-बारा पावलांवर उभे राहा. एकाच सुरात, मध्ये मिनिटभर थांबत, 'पणती', 'बिजली', 'कोयती' असे शब्द क्रम बदलून म्हणा आणि फक्त कानाकडे लक्ष ठेवा. 'बिजली'लाच कान वळत असेल तर तिला नाव येतं. सगळ्यांना वळला किंवा कशालाच नाही, तर नाव तिला कधी शिकवलेलंच नाही आणि तुमचं काम सोपं आहे.

पहिले ३ आठवडे नाव बदलण्याच्या भानगडीत पडू नका. ह्या काळात नवीन घोडी इतर घोड्यांपासून वेगळी बांधायची असते, कारण घशाच्या गाठींचा संसर्ग लगेच दिसत नाही. तिचा चारा-खुराक १० ते १४ दिवसांत हळूहळू बदलायचा असतो. नंदुरबारच्या कोरड्या हवेतून ती इथल्या दमट हवेत आलेली असते. एवढं सगळं परकं असताना ओळखीची एक हाक कानावर पडली तर तिला आधार मिळतो.

त्यानंतर असं करा. जवळ जाऊन आधी नवीन नाव घ्या, एक सेकंद थांबा, मग जुनं नाव, आणि लगेच बक्षीस : 'चंद्रा… बिजली', आणि आयाळ जिथे संपते तिथे खांद्यावर पाच-सहा वेळा बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, त्यामुळे ते बक्षीस चाऱ्याइतकंच गोड लागतं. खाऊ द्यायचा तर गाजराची उभी चीर द्या. गोल चकती घशात अडकू शकते. चावण्याची सवय असेल तर हातातून न देता घमेल्यात टाका. एका वेळी दहा-बारा हाका, दिवसातून दोनदा, बस्स. आठवड्याने दोन नावांमधलं अंतर तीन सेकंदांपर्यंत वाढवा. 'बिजली' म्हणायच्या आतच कान तुमच्याकडे वळू लागला की जुनं नाव सोडून द्या. सहसा दोन-तीन आठवड्यांत हे जमतं.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. 'बिजली… चंद्रा' असं म्हटलं की घोडी पहिल्या आवाजाला वळून मोकळी होते आणि दुसरा आवाज तिच्या दृष्टीने निरर्थक उरतो. नवीन आधी, जुनं नंतर, ह्यात बदल नको. दुसरी चूक म्हणजे इंजेक्शन देताना, जंताचं औषध पाजताना किंवा रागावताना नवीन नाव घेणं. 'चंद्रा' म्हटल्यावर सुई टोचली गेली, की तेच नाव ऐकून ती तबेल्याच्या कोपऱ्यात तोंड घालेल. अशा वेळी काही बोलायचंच असेल तर दुसरं काही बोला. आणि घरात एकानं चंद्रा, दुसऱ्यानं चंदू, तिसऱ्यानं चंदे म्हणायचं नाही. निदान महिनाभर सगळ्यांची हाक एकच हवी.

प्रश्न : पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला ७ वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) घेत आहे. त्याचं नाव इंग्रजी, तीन शब्दांचं. रोज हाक मारायला फार लांब. पुढे जंपिंगच्या स्पर्धांत उतरवायचा विचार आहे. नाव बदलता येईल?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : थरोब्रेडचं नाव इंडियन स्टड बुकात नोंदलेलं असतं आणि मोकळ्या जागा धरून जास्तीत जास्त १८ अक्षरांचं असतं. त्या नावावर त्याची वंशावळ आणि शर्यतींचा इतिहास आहे. त्याला हात लावू नका, हाकेचं नाव वेगळं ठेवा. घोडी घेणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं : पुढे शिंगरू झालं, तर त्याच्या नोंदणीला आईचं नोंदलेलं नावच लागतं. स्पर्धेसाठी इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे नोंदणी करताना स्पर्धेचं वेगळं नाव घ्यायचं असेल तर ते पहिल्या नोंदणीच्या वेळीच ठरवा. निकाल जमा व्हायला लागल्यावर बदलणं कटकटीचं होतं.

बहुतेक जण एक गोष्ट विचारायची विसरतात. रेसकार्डावर छापलेलं नाव त्या घोड्याने कदाचित कधी ऐकलेलंच नसेल. तबेल्यात सईस, म्हणजे तिथला मोतद्दार, त्याला दुसऱ्याच, बहुधा छोट्या हिंदी नावानं हाक मारतो. घोडा ताब्यात घेताना सईसाला विचारा की तुम्ही ह्याला काय म्हणता, आणि शक्य असेल तर त्याची हाक फोनवर रेकॉर्ड करून घ्या, कारण सूर शब्दाइतकाच कामाचा असतो. ते नाव आटोपशीर असेल तर तेच ठेवा. आणि शीळ घालून बोलावू नका. लघवीचा नमुना घेता यावा म्हणून शर्यतीच्या घोड्यांना शिळेवर लघवी करायला शिकवलेलं असतं. तुम्ही कुरणात शीळ घालाल आणि तो पाय फाकवून जागीच उभा राहील.

प्रश्न : आमच्याकडे 'राजा' आहे. नवीन घोड्याचं नाव 'रावल' ठेवतो आहोत. चालेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन कारणांनी नको. 'रा' ऐकताच दोघांचे कान वळतील आणि दाण्याच्या वेळी दोघे एकदमच दारापाशी येतील, त्यातून लाथाळी होते. शिवाय घरात कोकणी बोलत असाल तर घोड्याला थांबवताना तुम्ही 'राव' म्हणत असणार. मग भर दुडकीत कौतुकानं 'रावल' म्हटलंत की घोडा गचकन थांबेल आणि वरचं मूल मानेवर येईल. 'हो', 'चल', 'राव', 'यो' ह्या तुमच्या रोजच्या हाकांशी नावाची सुरुवात जुळू नये. दोन-तीन अक्षरांचं, क, ट, त, प, श असा ठसठशीत आवाज असलेलं नाव घ्या : 'केशर', 'तुफान', 'शेखर'.

प्रश्न : २० वर्षांचा घोडा सांभाळायला मिळाला आहे. जुनं नाव कुणालाच माहीत नाही, नवीन नावाला तो अजिबात लक्ष देत नाही.
– एक वाचक, काणकोण

उत्तर : ह्या वयात कान मंदावलेले असू शकतात. तो तुमच्याकडे बघत नसताना मागून, वारा लागणार नाही इतक्या अंतरावरून टाळी वाजवून पाहा. इतर घोडे दचकले आणि ह्याचा कान हलला नाही, तर पशुवैद्यकाकडून कानातली गोचीड आणि बुरशी तपासून घ्या. इथल्या पावसाळ्यानंतर दोन्ही आढळतात. कान स्वच्छ असूनही ऐकू येत नसेल तर नाव तुमच्यासाठी ठेवा आणि त्याला हाताची खूण शिकवा. समोरून खांद्याच्या दिशेने तिरकं या, हात वर करून दाखवा, मग मानेला हात लावा आणि खाऊ द्या. थेट मागून कधीच जाऊ नका, आणि तो बहिरा असल्याची पाटी तबेल्याच्या दारावर लावा, म्हणजे नालबंद आणि पाहुणेही सावध राहतील.