बकेटची पिन किरकिरते

प्रश्न : मी जेसीबी चालवतो. सध्या होंड्याजवळ रस्ता रुंद करायचं काम आहे. रोज सकाळी सगळ्या निपलांना (ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस मारतो, तरी दुपारपर्यंत बकेटची पिन किरकिर करायला लागते. पात्रांव (मालक) म्हणतो, तू ग्रीस मारतच नाहीस. माझं काय चुकतं?
– एक ऑपरेटर, वाळपई

उत्तर : मारत असशील रे, पण ते पिनेपर्यंत पोचतं का? ग्रीसची गन दाबताना पिनेच्या कडांकडे बघ. आधी जुनं काळं ग्रीस आणि त्यामागून नवं बाहेर आलं तरच पोचलं म्हणायचं. निपलाच्याच तोंडाशी फुगून आलं, तर वाट बुजलेली आहे.

बकेट हवेत धरून मारतोस का? तसं केलंस की सगळा भार पिनेच्या एकाच अंगावर येतो. तिथे फट उरत नाही आणि ग्रीस मोकळ्या अंगाने निघून जातं. बकेट जमिनीवर टेकव, इंजिन बंद कर, चावी खिशात घाल, मग दोन-चार दाब दे. नंतर मशीन चालू करून बकेट एक-दोनदा उघड-मीट कर, परत टेकव, परत बंद कर आणि परत दाब दे. कंटाळवाणं आहे खरं.

गन लावण्याआधी निपल फडक्याने पूस. 2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मी रस्त्याच्या कामावर आलो; त्याआधी डिचोलीकडे एका खाणीवर पोकलेन चालवायचो. तिथे घाईघाईत न पुसताच गन लावायची सवय लागली होती. ग्रीसमध्ये आपली लाल धूळ मिसळली की पिनेवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच. बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, झिजून लांबट झाला, बकेट डुलायला लागली. शेवटी पिन घणाने ठोकून काढली, दोन दिवस मशीन उभं. फोरमनने त्या दोन दिवसांत मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि सकाळचं ग्रीसिंग संध्याकाळवर आण. काम संपल्यावर पिन गरम असते, ग्रीस सहज सरकतं, दिवसाची माती बाहेर पडते आणि रात्रीच्या पावसाला आत शिरायला जागा राहत नाही. बहुतेक मशीनच्या पुस्तकात दर 10 तासांनी लिहिलेलं असतं. चिखलात काम असेल तर जेवणाच्या सुट्टीतही एकदा मार. दुकानदार देईल तो डबा मात्र घेऊ नको. वेगळ्या जातीची ग्रीसं मिसळली तर कधी कधी पातळ होऊन वाहून जातात. सीलबंद बेअरिंगला जोर लावून भरू नको, सील फुटतं.

जूनमध्ये डांबराचं काम थांबून मशीन गणेश चवथीपर्यंत उभं राहणार असेल, तर सिलिंडरच्या चकचकीत दांड्यांवर ग्रीसचा हात फिरव आणि डिझेलची टाकी भरून ठेव. रिकाम्या टाकीत पाणी धरतं.

तुझा निपल बहुतेक बुजलेलाच असणार. पान्याने काढ, भोकातलं कडक झालेलं ग्रीस तारेने उकर, नवा बसव. जुना टाकू नको, पात्रांवाला दाखवायला लागेल.