बायसेप्सची दोन हेड्स, दोन नर्व्ह

प्रश्न : डॉक्टर, मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. मांडीच्या मागच्या मसल्सना सायटिक नर्व्ह, एवढं पाठ होतं, पण व्हायवात मॅडमनी विचारलं की त्यातल्याच बायसेप्स फीमोरिसच्या दोन हेड्सना (स्नायूच्या सुरुवातीच्या दोन टोकांना) वेगवेगळी नर्व्ह का, तिथे माझी दांडी गुल. हे लक्षात ठेवून पुढे उपयोग तरी होतो का?

उत्तर : होतो गं, चांगलाच होतो. सायटिक दिसते एक, पण आत दोन नर्व्ह असतात, टिबियल आणि कॉमन पेरोनियल, एकाच आवरणात शेजारी शेजारी, आणि बहुतेकांत गुडघ्याच्या मागच्या खळग्याच्या वरच्या टोकाशी त्या वेगळ्या होतात. सेमिटेंडिनोसस, सेमिमेम्ब्रेनोसस आणि बायसेप्सचं लाँग हेड हे तिघं बसायच्या हाडावरून निघतात, हिप आणि गुडघा दोन्ही ओलांडतात, त्यांना टिबियल. शॉर्ट हेड मात्र सुरूच होतं मांडीच्या हाडावर, त्याच्या मागच्या कण्यावर म्हणजे लिनिया अस्पेराला, हिपशी त्याचा संबंधच नाही, म्हणून बरेच लोक त्याला खरं हॅमस्ट्रिंग (वरच्या तिघांच्या गटातलं) मानत नाहीत. त्याला पेरोनियल. गर्भात पाय बनताना पुढच्या आणि मागच्या स्नायूंचे गट वेगळे पडतात, हे शॉर्ट हेड बाबा लाँग हेडपेक्षा वेगळ्या गटातले, पण खाली येऊन लाँग हेडच्याच टेंडनला चिकटले. भाडेकरू आले पण मीटर जुन्या घराचाच राहिला म्हण.

आता उपयोग. पेशंट फूट ड्रॉप घेऊन येतो, पाऊल वर उचलत नाही. पाऊल उचलणाऱ्या स्नायूंची पेरोनियल नर्व्ह गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या बाहेरच्या हाडाच्या म्हणजे फिब्युलाच्या मानेशी दबली असेल (घट्ट प्लास्टर, तासन् तास उकिडवं बसून काम) किंवा वर नितंबात, चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शननेसुद्धा, आणि तिथेही पेरोनियल भागच जास्त सापडतो, त्यामुळे वरून बघितलं तर दोन्ही पेशंट सारखेच वाटतात. शॉर्ट हेडची फांदी गुडघ्याच्या वरच सुटते ना, म्हणून ईएमजीची (स्नायूतली विजेची हालचाल मोजणाऱ्या तपासणीची) सुई शॉर्ट हेडमध्ये घालतात, त्यात बिघाड दिसला तर दुखणं गुडघ्याच्या वर आहे असं समजायचं, मग ते मांडीत असो, नितंबात असो की कमरेत. नॉर्मल आलं तर खालचा संशय वाढतो, पण वरचं शंभर टक्के सुटलं असं नाही. हाताने गुडघा वाकवायला लावून हे कळत नाही बरं का, बाकीचे तिघं झाकून नेतात.

पुढच्या व्हायवात मांडीच्या आतल्या बाजूचा अ‍ॅडक्टर मॅग्नसही विचारतील, त्यालाही दोन नर्व्ह, त्याचा बसायच्या हाडावरून येणारा भाग टिबियलचा, बाकीचा ऑब्ट्युरेटरचा.