वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात खुराडे झाकावे की उघडे ठेवावे?

प्रश्न : घरामागील आठ बाय सहा फुटांच्या मोकळ्या जागेत मी जुन्या शोकेसची चौकट आणि प्लायवूड वापरून सहा गावठी कोंबड्यांसाठी खुराडे केले. गेल्या पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून ते चारही बाजूंनी निळ्या ताडपत्रीने गुंडाळले. पंधरवड्यातच आत उग्र वास येऊ लागला, कोंबड्या शिंकू लागल्या आणि दोन दगावल्या. प्लायवूडही फुगले. आता नवे खुराडे कसे बांधावे? – एक वाचक, घणसोली गाव

उत्तर : त्या दोन कोंबड्या नेमक्या कशाने दगावल्या, हे शवविच्छेदनाशिवाय कोणी सांगू नये, मानमोडीची (राणीखेत या कोंबड्यांच्या साथरोगाची) लस दिली होती का, हेही आपण लिहिलेले नाही. उग्र वास मात्र ताडपत्रीचाच प्रताप आहे. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि तिच्या श्वासाची वाफ त्यात भर घालते. ही ओल बाहेर पडण्यास वाट उरली नाही, की खालचे तूस भिजून कुजते, त्यातून अमोनिया सुटतो आणि तो पक्ष्यांचे डोळे व श्वासनलिका चुरचुरवतो. पहाटे दार उघडताच खाली वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा. आपले डोळे झोंबले, तर ती बिचारी रात्रभर त्यातच बसलेली असते.

म्हणून खुराडे झाकण्याऐवजी त्याची दिशा साधावी. आपल्याकडे झड बहुतेक वेळा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण या भिंती भरीव ठेवून उत्तर व पूर्व बाजूंना वरच्या अर्ध्या भागात जाळी लावावी, तर भरीव भिंतींच्या माथ्यावर, छपराच्या अगदी खाली, हातभर लांबीची फट जाळी मारून मोकळी सोडावी. कोंबड्या या फटीच्या खालच्या पातळीवर बसतात. त्यामुळे वारा त्यांच्या डोक्यावरून जातो आणि दमट हवा सोबत नेतो. छपराचा उतार पश्चिमेकडे देऊन त्या बाजूस पत्रा निदान दोन फूट पुढे काढावा आणि पागोळ्या पन्हळीत घ्याव्यात, नाहीतर छपराचे पाणी खाली पडून उडालेले शिंतोडेच तूस भिजवतील. उन्हाळ्यात पत्रा तापतो, तेव्हा त्यावर नारळाच्या झावळ्या अंथरल्या तरी पुरते.

सहा कोंबड्यांच्या रात्रीच्या मुक्कामास चार बाय तीन फुटांचे खुराडे पुरेल. उरलेली जागा जाळीच्या अंगणाला द्यावी. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच पायांवर असावे. प्लायवूड पुन्हा घेऊ नये. तळाला सिमेंट फायबरचा बोर्ड टाकून त्यावर भात गिरणीतून आणलेले तूस तीन इंच पसरावे आणि आठवड्यातून दोनदा ते खालीवर करावे. भिंतींसाठी महापे, रबाळे परिसरातील भंगारवाल्यांकडे मिळणारी पॅलेटची (माल ठेवण्याच्या लाकडी चौकटींची) लाकडे चालतात. मात्र त्यांवरील शिक्का पाहावा : ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले लाकूड, ते घ्यावे, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते टाळावे. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेले लाकूड कितीही स्वस्त मिळाले तरी नको. जोडांच्या फटींत लाल पिसवा लपतात, म्हणून दर उन्हाळ्यात चुन्याचा हात द्यावा. आणि दार आपल्या मापाचे ठेवावे! माझे पहिले खुराडे इतके बुटके होते, की अंडी काढण्यासाठी मला पोटावर सरपटावे लागे आणि साफसफाई अर्थातच रोज उद्यावर पडे.

प्रश्न : आमच्या कोंबड्या जाळीच्या खुराड्यात असूनही महिन्याभरात तीन गेल्या. जाळी एका कोपऱ्यात फाटलेली दिसते. – एक वाचक, येऊरचा पायथा, ठाणे

उत्तर : बाजारात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला ती अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, घूस खालून उकरते. घटना दिवसा घडत असेल तर मुंगसाचा संशय घ्यावा, रात्री घडत असेल तर उदमांजराचा. मुंगसाला सापळा लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्यास संरक्षण आहे. खुराडेच पक्के करावे.

अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डेड जाळी घ्यावी आणि ती नुसत्या यू खिळ्यांनी न ठोकता वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळावी. जमिनीलगत तीच जाळी काटकोनात बाहेर वळवून एक फूट आडवी पसरावी व मातीने झाकावी. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी कडेलाच उकरतो, त्याच्या पंजाला जाळी लागते आणि मागे सरून पुन्हा सुरुवात करणे त्याला सहसा सुचत नाही. कडीला कुलूप किंवा स्प्रिंगचा हूक लावावा. आपला परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्याचा वावर तेथे नवा नाही. तेव्हा खुराडे कुंपणाजवळ न ठेवता घराच्या भिंतीला लागून ठेवावे.

कोंबड्यांच्या अंगणावरही जाळीऐवजी पत्राच असावा. 2022 च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात बर्ड फ्लू आढळला होता. कावळे, पारवे यांची विष्ठा वरून खाद्यात पडणार नाही, एवढी काळजी घरच्या पाळणाऱ्यालाही घेता येते.

प्रश्न : अंडी घालण्यासाठी खोकी ठेवली आहेत, पण कोंबड्या रात्री त्यांत झोपतात आणि अंडी कोपऱ्यात जमिनीवर घालतात. – एक वाचक, कळवा

उत्तर : आपली खोकी बहुधा कोंबड्यांच्या बसण्याच्या दांडीपेक्षा उंचावर आहेत. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा शोधते. दोन इंच रुंदीची, कडा गोल केलेली लाकडी दांडी खोक्यांपेक्षा फूटभर वर बसवावी आणि प्रत्येक कोंबडीमागे तिची आठ ते दहा इंच लांबी धरावी. गुळगुळीत बांबू नको, पाय घसरतात. खोके एक फूट लांब, रुंद व उंच असावे. चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. पुढे गोणपाटाचा पडदा सोडून आत अंधार करावा आणि तुसावर टेबल टेनिसचा एक पांढरा चेंडू ठेवावा. त्याला अंडे समजून कोंबडी तेथेच बसू लागते. अंडी रोज उचलावीत, चेंडू तेथेच राहू द्यावा.